विमानवालं मशीन

गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळावर विमान उडवायला शिकणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्यांचे डबे योगेश्वरी पटलेच्या घरून जातात. एरवी डबा जातो आणि रिकामा परत येतो. पण श्रावणात ढग खाली उतरले की उड्डाणं बंद होतात आणि ही मुलं कंटाळून जेवायला तिच्याच घरी येतात. जेवतात, ओसरीवर पसरतात, आभाळाकडे बघत मोबाइल चाळत बसतात.

असंच एका दुपारी घडलं. योगेश्वरी भाजीचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. कुठूनतरी ओळखीचा आवाज येत होता. बारीक, चिरका, एकामागून एक, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. खांबाला टेकून बसलेल्या रुचीच्या मोबाइलमधून तो येत होता. रुची जबलपूरची, बावीस-तेवीस वर्षांची. योगेश्वरीने वाकून पाहिलं. खालून वर जाणारं एक इवलंसं विमान, मधून वाहणारी नदी, दोन्ही बाजूंना जंगल, समोरून येणारी शत्रूची विमानं.

"हा गेम मले माहीत आहे," योगेश्वरी म्हणाली.

रुची हसली. "आंटी, ये तो मेरे पैदा होने के पहले का है."

"मग मीही तुझ्या आधीचीच आहे ना."

रुचीने मोबाइल तिच्या हातात दिला. योगेश्वरीने पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि खेळायला घेतलं. पण काचेवर बोट ठेवलं की बोटाखाली विमानच झाकलं जायचं. दोन-तीन वेळा विमान पडलं आणि तिने मोबाइल परत केला.

"याले दांडा नाही," ती म्हणाली. "हातात काही येतच नाही."

तिने सगळ्यांना वाढलं, भांडी आवरली, संध्याकाळच्या कणकेला बसली. पण उजव्या हाताचा अंगठा मधूनच कणकेत बटण दाबल्यासारखा दबत होता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला एकटीलाच हसू फुटलं.

योगेश्वरी मूळची देवरीची, नत्थूलाल टेंभरेंची मुलगी. ती आठवी-नववीत असताना देवरीच्या बसस्टँडजवळ सुकराम लांजेवारने एका पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमचं मशीन आणून ठेवलं होतं. माणसाएवढं उंच लाकडी कपाट, वर टीव्हीचा पडदा, खाली दोन दांडे आणि रंगीत बटणं. गावात त्याला सगळे 'विमानवालं मशीन' म्हणायचे. संध्याकाळी तिथे मुलांची एवढी गर्दी व्हायची की दार दिसायचं नाही. मुली तिकडे जात नसत. जाऊ नका असं कोणी सांगितलं नव्हतं, पण जात नसत.

दुपारी मात्र सुकराम जेवून घरी लवंडायचा आणि त्याची बायको सुशीलाबाई दुकान सांभाळायला बसायची. त्या वेळी रस्ता ओस असायचा. मधल्या सुट्टीत योगेश्वरी एकदा पाणी प्यायला म्हणून तिथे गेली आणि दारातच खिळली. सुशीलाबाई स्वतः मशीनसमोर उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, ओठ दातांत धरलेले. तिने मान न वळवता विचारलं होतं, "येते का वं? दुसरा दांडा रिकामाच आहे."

त्यानंतर दोन वर्षं, जमेल त्या दुपारी, त्या दोघी जोडीने लढल्या. सुशीलाकाकी डावीकडून, योगी उजवीकडून. पुढे योगेश्वरी शिकायला गोंदियाला गेली, मग लग्न होऊन बिरसीला आली. सुकरामची ती खोलीही केव्हातरी बंद झाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. मुद्दाम चौकशी करावी असं त्यात काही नव्हतं.

पण आता तिला चौकशी करावीशी वाटू लागली. भाद्रपदात मामेभावाच्या घरी बारसं होतं. त्यानिमित्ताने ती आणि तिचा नवरा धनेंद्र देवरीला गेले. बारशाचं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मी थोडी बसस्टँडकडे जाऊन येते."

"बस तर पाचची आहे."

"बससाठी नाही."

हायवे रुंद झाला होता, रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग थांबत नव्हती. पत्र्याच्या खोलीच्या जागी आता पक्कं किराणा दुकान होतं. गल्ल्यावर पांढऱ्या केसांची, बारकी, ताठ बसलेली बाई डाळ मोजत होती. तिने चष्म्यावरून योगेश्वरीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"नत्थूलालची योगी का वं?"

"हो काकी."

"केवढी जाड झाली तू," सुशीलाबाई म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं.

सुकरामला जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा भुपेंद्र दुकान बघत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर योगेश्वरीने विचारलं, "काकी, ते मशीन कुठे गेलं?"

"जाईन कुठं? मागं आहे."

मागच्या खोलीत बारदानाखाली ते उभं होतं. वर मिठाच्या पिशव्या, बाजूला टेकवलेल्या मोहफुलांच्या गोण्या. योगेश्वरीने बारदान उचललं. रंग उडाला होता, पण दांड्यांवरचे लाल गोळे तसेच होते. तिने डावीकडचा दांडा हलवून पाहिला. खट् असा आवाज आला.

"मले देता का काकी? मी दुरुस्त करून घेते."

"न्याले नाही देत," सुशीलाबाई पटकन म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "करायचं असन तर इथंच कर."

परतीच्या बसमध्ये धनेंद्र म्हणाला, "भंगार आहे ते."

"माहीत आहे."

"मग कायले करून राहिली?"

योगेश्वरीने उत्तर शोधलं. डब्यांचा धंदा, शेती, मुलीची फी, प्रत्येक गोष्ट करण्याला तिच्याकडे कारण असायचं. या गोष्टीला नव्हतं.

"मले खेळायचं आहे," ती म्हणाली.

धनेंद्र आमगाव येईपर्यंत खिडकीतून बाहेर धानाकडे बघत राहिला. बांध्यांत पाणी भरलेलं होतं, लोंब्या अजून धरायच्या होत्या. मग तो म्हणाला, "गोंदियाले दुर्गाप्रसाद आहे. टीव्हीवाला. त्याले विचारून पाय."

दुर्गाप्रसादच्या दुकानात आता टीव्ही नव्हतेच. मिक्सर, कूलरच्या मोटारी, पंखे. चपटे टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, बदलतात, असं तो म्हणाला. योगेश्वरीने मशीनचं वर्णन केलं तसा तो हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ऐकू लागला.

"पिक्चर ट्यूबवाला? कपाटवाला?"

"हो."

"भाभी, ये तो मैं अपने टाइम में कितने खोला हूँ. आमगाँव, तिरोड़ा, सब जगह थे. बरसों से किसी ने पूछा नहीं." तो उठून मागच्या फळीवर काहीतरी शोधायला लागला. "इतवार को चलते हैं."

रविवारी धनेंद्रने स्वतः गाडी काढली. रुचीला कळलं तेव्हा तीही निघाली. तिने इंटरनेटवरून त्या जातीच्या मशीनच्या जोडणीचा नकाशा शोधून आणला होता. जगात कितीतरी लोक असली मशीनं शोधून जिवंत करतात, कोणी गॅरेजमध्ये ठेवतं, कोणी जेवणघरात, असं ती गाडीत सांगत होती. एवढे चांगले नवे गेम असताना लोकांना हे कशाला हवं, असं धनेंद्रने विचारलं. रुची विचार करून म्हणाली, "अंकल, नए वाले में खतम ही नहीं होता कुछ. इसमें आदमी हारता है तो पता चलता है कि हारा." धनेंद्रला ते पटलं की नाही ते कळलं नाही, पण त्याने मान हलवली.

दुर्गाप्रसादने मशीनचं मागचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी धानाच्या तणसाचं घरटं केलेलं. अर्ध्या वायरी कुरतडलेल्या. त्याने सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. "ट्यूब को कोई हाथ मत लगाना. बंद पड़ी हो तो भी झटका देती है." मग त्याने आतला बोर्ड अलगद काढला, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने धूळ झाडली आणि भुपेंद्रच्या दुकानातला शाळेचा खोडरबर घेऊन बोर्डाच्या कडेचे तांबूस दात एकेक करून घासले. ते सोन्यासारखे चकाकले. पॉवर सप्लाय मेला होता. तो त्याने नवा आणला होता. तोंडात वायर धरून, गुडघ्यावर बसून तो गुणगुणत काम करत होता.

सुशीलाबाई स्टुलावर बसून सुपात हरभरा निवडत होती. तिचं सूप मधूनमधून थांबत होतं.

जेवणवेळ टळून गेल्यावर दुर्गाप्रसादने बटण दाबलं. आतून घुंई असा आवाज आला. पडदा काळाच राहिला. मग मधोमध एक आडवी रेघ उमटली, ती हळूहळू वर-खाली फाकली आणि चित्र दिसू लागलं. नदी, जंगल, इवलं विमान. रुचीने टाळ्या वाजवल्या.

पण काहीतरी चुकत होतं. सगळं निळं-हिरवं, पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. "लाल नहीं आ रहा," दुर्गाप्रसाद म्हणाला. "कहीं तार टूटा है. देखता हूँ. तब तक खेलो, चलता तो है."

रुची पहिली उभी राहिली. ती रोज खरं विमान हवेत नेते, त्यामुळे सगळ्यांना तिच्याकडून बरीच अपेक्षा होती. पण तिचं विमान पहिल्या वळणावरच फुटलं. दुसरं त्याच्याही आधी.

"मार कहाँ से रहे हैं?" ती वैतागली. "दिख ही नहीं रहा!"

तेव्हा योगेश्वरीच्या लक्षात आलं. या गेममधल्या शत्रूच्या गोळ्या लाल असतात. लाल रंगच नसल्यामुळे काळ्या-हिरव्या जंगलावर त्या दिसतच नव्हत्या. ती खेळायला उभी राहिली. थोडं आठवत होतं. पहिला पूल ओलांडला, दुसऱ्यावर तीही पडली.

सुशीलाबाईने सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. "सर वं," ती म्हणाली.

ती डाव्या दांड्याशी उभी राहिली. पूर्वी ती मशीनपेक्षा जराशीच बुटकी होती, आता पडदा बघायला तिला मान वर करावी लागत होती. तिने दांडा मुठीत धरला नाही. तांदळातला खडा उचलावा तसा दोन बोटांत धरला.

विमान निघालं. सुरुवातीला काहीच नव्हतं आणि तरी ती डावीकडे सरकली. उजवीकडून गोळ्या सुटल्याचा आवाज आला. ती थांबली. मग एकदम मधोमध आली. पुन्हा आवाज, दोन्ही बाजूंनी. विमान मधून निघून गेलं.

"आता पुलाच्या मागून तीन येतेत," ती कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाली. "थांब... थांब... हं."

तीन विमानं आली, तिन्ही फुटली. रुचीने योगेश्वरीचा दंड धरला. दुर्गाप्रसाद मशीनच्या मागून उठून पुढे आला, हातातल्या सोल्डरिंगच्या डागणीतून बारीक धूर निघत होता. भुपेंद्र गिऱ्हाईक सोडून दारात उभा होता. पूल गेला, दुसरा गेला, धरण आलं, धरणावरच्या तोफा गेल्या. पडद्यावर न दिसणाऱ्या गोळ्यांमधून ती म्हातारी रोजच्या पायवाटेवरून जावं तशी चालली होती.

मोठ्या जहाजाशी तिचं शेवटचं विमान पडलं. ती मागे वळली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते.

"माय," भुपेंद्र म्हणाला, "तुले हे कवा येत होतं?"

"तू शाळेत जात होता तवा."

"पन कधी सांगितलं नाही?"

"तू इचारलं होतं का?"

दुर्गाप्रसादला मग तुटलेली तार सापडली. त्याने ती जोडली, डाग दिला, आणि पडद्यावर एकदम लाल रंग उसळला. गोळ्या माणकांसारख्या चमकत खाली येऊ लागल्या. "अब देखो अम्मा! अब तो जहाज भी गिराओगी."

सुशीलाबाई पुन्हा उभी राहिली. आणि पहिल्याच पुलावर तिचं विमान फुटलं. मग दुसरं. तिसरं तर निघताच गेलं. तिने दांडा सोडून दिला.

"हे काय काकी?" योगेश्वरीला हसू आवरेना.

"दिसून राहिल्या का भेव लागते वं," सुशीलाबाई म्हणाली आणि स्वतःच एवढी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाली, "हाताले सारं माहीत आहे. डोळेच मंधी मंधी येतेत."

भुपेंद्रने चहा आणला. मशीन चालूच होतं. कोणी खेळत नसलं की ते आपणच आपल्याशी खेळतं, तसं ते खेळत होतं. धनेंद्रने विचारलं, एवढी वर्षं हे ठेवलं कशाला, भंगारवाल्याला का दिलं नाही.

"मी नाही ठेवलं," सुशीलाबाई म्हणाली. "यानं ठेवलं." सुकरामबद्दल ती बोलत होती. "मले वाटे, त्याले काही ठाऊक नाही. दुपारी तो घरी निजते, मी इकडं खेळते. मंग दुकान बंद झालं, भंगारवाला आला. मी म्हटलं देऊन टाका, जागा होईन. तर हा भंगारवाल्याले म्हनते, नाही, ते माह्या बाईचं आहे." तिने चहाचा घोट घेतला. "मंग सांगतलं त्यानं. एक डाव लवकर आला होता म्हने दुपारी. दारातून पायलं, मी खेळून राहिली होती. तर मागच्या मागं जाऊन चहाच्या टपरीवर बसला. तवापासून रोज तिथंच बसे. घरी निजे कोन!"

"तुमाले बोलले नाही तेव्हा?" योगेश्वरीने विचारलं.

"बोलला असता तर म्या खेळलं असतं का?"

सुशीलाबाईने कप खाली ठेवला आणि योगेश्वरीकडे पाहून हनुवटीने मशीनकडे खूण केली. "चाल. दुसरा दांडा रिकामा आहे."

त्या संध्याकाळी दोघी जोडीने खेळल्या. योगेश्वरीचा हात लवकर बसला नाही. "उजवीकडं मर की!" सुशीलाबाई ओरडायची, "सर" म्हणायचं ते घाईत "मर" व्हायचं, आणि रुची प्रत्येक वेळी दचकायची. जहाज काही पडलं नाही. निघताना दुर्गाप्रसादने भुपेंद्रला विचारलं, नाणं टाकायचं खोकं चालू करून देऊ का, दुकानात दोन पैसे येतील. भुपेंद्र हो म्हणणार तेवढ्यात सुशीलाबाई म्हणाली, "नोको. त्याच्यापाशी एक बटन लावून दे. ज्याले खेळाचं त्यानं दाबाव."

दुर्गाप्रसादने दारावरच्या घंटीचं एक पांढरं बटण तिथे बसवून दिलं.

त्यानंतर योगेश्वरी महिन्यातून एकदा तरी देवरीला जाऊ लागली. डब्यांचं काम त्या दिवशी धनेंद्र बघतो. पहिल्यांदा त्याने वरणात मीठ दोनदा घातलं, आता घालत नाही. जबलपूरची रुची परवान्याच्या परीक्षेआधी एकदा सोबत गेली. तिसऱ्या पुलापर्यंत पोचली आणि तेवढ्यावर तिने पेढे मागितले. मशीन आता मागच्या खोलीतून पुढे आलं होतं, तेलाच्या डब्यांच्या शेजारी. हायवेवरच्या बस थांबल्या की चाळिशीतले, पन्नाशीतले लोक बिस्किटाचा पुडा घ्यायला येतात, मशीन बघतात आणि त्यांचे चेहरे बदलतात. काहीजण नुसता दांडा हलवून जातात. एकाची खेळता खेळता बस चुकली आणि त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

धानाची कापणी आणि मळणी आटोपली तेव्हा योगेश्वरीला पुन्हा सवड मिळाली. बाजाराचा दिवस होता. ती दुकानात शिरली तर गल्ल्यावर कोणीच नव्हतं. मशीनसमोर सुशीलाबाई आणि एक अनोळखी बाई उभ्या होत्या. ती बाई जंगलाकडच्या गावातली, बाजारात लाख आणि चिंच विकायला आलेली. तिची टोपली दारातच होती. प्रेमिला तिचं नाव. तिने दांडा कुऱ्हाडीसारखा आवळून धरला होता आणि गोंडीत विमानाला काहीतरी बजावत होती.

"हलका धर, हलका," सुशीलाबाई सांगत होती. मग योगेश्वरीला पाहून म्हणाली, "आली का? बस. हिचा डाव होऊ दे."

प्रेमिलाचं विमान फुटलं. ती खजील होऊन बाजूला सरकू लागली, तसं सुशीलाबाईने तिचा हात धरून पुन्हा दांड्यावर ठेवला आणि पांढरं बटण दाबलं. "एवढ्यात कुठं चालली? आता तर पूल येईन."

योगेश्वरी थोडा वेळ बसली. पूल आला, गेला. दोघींची विमानं वर निघाली. तेवढ्यात दुकानापुढे एक माणूस येऊन उभा राहिला, आत डोकावू लागला. योगेश्वरी उठली, पदर खोचला आणि गल्ल्याशी जाऊन बसली.

"सुशीलाबाई कुठं आहे?" त्याने विचारलं.

"लढाईवर आहे," योगेश्वरी म्हणाली. "तुले काय पायजे?"

"हळद. पावशेर."

तिने तराजू पुढे ओढला.